गाडी चोरीला गेल्यापासून परत दारात येईपर्यंत

सोमवार ११ नोव्हेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. आमच्या तालुक्याच्या गावाचा बाजार सोमवारचा, आणि माझं दुकान मोटर रिवायंडिंगचं, त्यामुळे बाजाराला येणारे शेतकरी जळालेल्या मोटारी सोबतच घेऊन येतात. अकराच्या सुमाराला तांब्याची तार आणायला पेठेत गेलो, गाडी सोनाराच्या दुकानासमोर लिंबाखाली लावली, हँडल लॉक केलं. हे मी शपथेवर सांगू शकतो कारण त्या लॉकची किल्ली अडकायची आणि दोनदा फिरवावी लागायची. वीस मिनिटांत परत आलो तर गाडी जागेवर नाही. मातीत साईड स्टँडचा खड्डा तेवढा होता आणि बाजूला लॉक तोडताना पडलेला काळ्या प्लास्टिकचा तुकडा.

पहिल्यांदा वाटलं कुणी ओळखीच्यानं नेली असेल, आमच्याकडे तसं चालतं, पण किल्ली माझ्या खिशात. मग बाजारतळ, एसटी स्टँड, मटण मार्केटच्या मागची गल्ली, सगळीकडे फिरलो. गाडी २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली, ३६ हप्ते, शेवटचा हप्ता ऑक्टोबरमध्ये गेला होता. म्हणजे पूर्णपणे माझी होऊन तिला एकच महिना झालेला. साईड बॅगेत मेगर, म्हणजे मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, आणि पान्यांचा सेट होता तोही गेला. माझं अर्धं काम शेतातल्या विहिरीवर जाऊन असतं, गाडी नाही म्हणजे ते काम बंद.

दुपारी दीडला पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार एकटेच बसलेले, बाकी स्टाफ पंढरपूरला वारीच्या बंदोबस्ताला गेलेला आणि त्यावर विधानसभेचं इलेक्शन, वीस तारखेला मतदान. ते नीट बोलले, हे मी आधीच सांगतो. म्हणाले "आज बाजार आहे, कुणी चुकून नेली असेल, दोन दिवस शोधा, तोपर्यंत एक अर्ज देऊन ठेवा." मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, गाडी नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, सगळं. त्यांनी घेतला, मी झेरॉक्सवर पोच मागितली तर शिक्का मारून दिला. तो शिक्का घेतला म्हणून पुढे माझं निभावलं, त्यामुळे पुन्हा सांगतो, अर्ज दिला तर पोच घ्याच.

मला तेव्हा वाटलं तक्रार झाली. अर्ज देणं आणि गुन्हा दाखल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळीस वर्षांच्या आयुष्यात माहीत नव्हतं, आणि आमच्या गावात दहातल्या आठ जणांना आजही माहीत नाही. बाजारात मोबाइल मारला की अर्ज, बाईकची बॅटरी गेली की अर्ज, विहिरीवरची केबल कापून नेली की अर्ज. एफआयआर कुणाकडेच नसतो.

घरी येऊन विम्याचा कागद काढला. गाडी घेताना शोरूमवाल्यानं सांगितलं होतं पाच वर्षांचा विमा आहे, निश्चिंत राहा, आणि मी राहिलो. कागदावर बारीक अक्षरात होतं की पाच वर्षांचा आहे तो थर्ड पार्टी, म्हणजे माझ्या गाडीनं दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर. माझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी याचा विमा फक्त पहिल्या वर्षाचा, तो २०२२ मध्येच संपला होता. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा झाला, तो एकदम भरला जातो आणि लोक समजतात सगळाच विमा पाच वर्षांचा. तुमच्या घरात गाडी असेल तर आज कागद काढून बघा. माझी बायको त्या रात्री काही बोलली नाही, नुसती तो कागद उलटसुलट करून बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सोनाराच्या दुकानात गेलो. चौकातले नगरपंचायतीचे कॅमेरे कधीचे बंद आहेत, नुसते डबे लटकतात. सोनाराचा कॅमेरा मात्र चालू होता. ११ वाजून १७ मिनिटांनी दोन पोरं येतात, एक मोबाइलवर बोलल्यासारखं करत उभा राहतो, दुसरा गाडीवर बसतो, पाय लावून हँडलला एक हिसका देतो, आणि दोघं गाडी ढकलत चालत जातात, अगदी आरामात, बाजारातल्या गर्दीतून. बाजूला भाजीवाली मावशी बसलेली, तिला वाटलं पेट्रोल संपलं असेल. मी ते क्लिप पेन ड्राइव्हवर घेतलं. सोनारशेठ म्हणाले आमचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, आठ-दहा दिवसांचंच ठेवतो, नंतर वरून नवीन चढतं. पेन ड्राइव्ह घेऊन मी ठाण्यात गेलो तर "साहेब आल्यावर या." १३ ला गेलो, १४ ला गेलो, साहेब एकदा मिटिंगला, एकदा सभेच्या बंदोबस्ताला.

शनिवारी १६ तारखेला मेहुण्याची स्कूटी घेऊन परत ठाण्याकडे निघालो होतो. कारखान्याच्या रोडला नाका लागलेला, इलेक्शनची तपासणी एका बाजूला आणि ट्रॅफिकची एका बाजूला. मला थांबवलं, हेल्मेट नाही म्हणून मशीन काढलं, ५०० रुपये. मी म्हणलं साहेब माझी गाडी चोरीला गेलीय, तिच्याच चौकशीला ठाण्यात चाललोय. ते म्हणाले "ते ठाण्यात सांगा, इथं हेल्मेटचं बोला." त्यांचं बरोबर होतं, हेल्मेट नव्हतंच माझ्या डोक्यावर, कायदा आहे, पाठीमागे बसणाऱ्यालासुद्धा लागतं. पण मी तिथं उभा असताना माझ्या शेजारून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला फूटभर बाहेर, स्पीकरवर गाणी एवढी मोठी की ड्रायव्हरला मागचा हॉर्न ऐकू येणार नाही. त्याला कुणी हात केला नाही. आदल्याच सीझनला आमच्या गल्लीतला बावीस वर्षांचा पोरगा रात्री अशाच उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून गेला, त्याच्या डोक्यावरही हेल्मेट नव्हतं. म्हणून मी दोन्ही म्हणतो, हेल्मेटचा दंड करा, खुशाल करा, पण त्या ट्रॉलीलाही थांबवा, ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि पोराला हेल्मेट, दोन्ही असतं तर तो आज असता.

नाक्यावर माझ्या मागं दुधाचे कॅन लावलेले एक तात्या थांबले होते. वाडीवरून रोज दोन वेळा डेअरीला येतात. ते मला म्हणाले "पाचशे म्हणजे माझं दोन दिवसाचं दूध गेलं बघ." मग हळूच म्हणाले "माझी बी गाडी गेली की श्रावणात, ही पोराची हाय." मी विचारलं तक्रार केली का, तर म्हणाले अर्ज दिलाय. हे तात्या लक्षात ठेवा, पुढे येतील.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, एकच बोलणं, चोर मोकळे आणि आम्ही नाक्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाका कुठं लागलाय याचे मेसेज पडायचे, "कारखाना रोड लागलाय, कॅनॉलनं या", आणि लोक कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं जायचे. मीही गेलोय. पण नंतर विचार केला की हा मेसेज चोरही वाचत असेल, तोही कॅनॉलनंच जात असेल. ग्रुपवर तीनशे माणसं, कोण कुणाला ओळखतं.

मतदान झालं. २१ तारखेला संध्याकाळी दुकानात असताना मोबाइलवर मेसेज आला, माझ्या गाडी नंबरवर ई-चलन, विना हेल्मेट, ५०० रुपये. पहिल्यांदा वाटलं स्कूटीचंच असेल, पण ते मेहुण्याच्या नावावर जाणार, आणि नंबर माझा होता. वेबसाईटवर नंबर टाकून चलन उघडलं. फोटो होता. शेजारच्या जिल्ह्यातलं एक गाव, दुपारची वेळ, पाठीमागून काढलेला फोटो, माझी गाडी, माझी नंबर प्लेट, मागच्या मडगार्डवर माझ्या मुलीनं लावलेलं फुलपाखराचं स्टिकर, आणि वर दोन पोरं बसलेली. साईड बॅग नव्हती. मी तो फोटो मोठा करून किती वेळ बघत होतो मला सांगता येणार नाही. दहा दिवस मी जिला शोधत होतो ती एका पोलिसाच्या समोरून गेली होती, त्यानं मशीन उचललं, फोटो काढला आणि ती निघून गेली.

त्या पोलिसाची यात काहीच चूक नाही, हे मला नंतर कळलं आणि तेच जास्त लागलं. त्या दिवशी माझी गाडी कुठल्याही यादीत चोरीची नव्हती. गुन्हाच दाखल नव्हता. चोरीच्या गाड्यांची देशभराची नोंद असते, एनसीआरबीचं, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद ब्युरोचं, वाहन समन्वय म्हणून आहे, त्यात गाडी जाते ती पोलिसांनी नोंद केल्यावर. माझा अर्ज अंमलदारांच्या टेबलावरच्या फाईलीत होता. कुठल्या रस्त्यावरच्या कुठल्या पोलिसाला ते कळणार होतं? नाक्यावरचं चलन मात्र मशीनवर लगेच चढतं, किती केसेस केल्या ते वरच्या साहेबाला संध्याकाळी आकड्यात दिसतं. चोरीचा अर्ज आकड्यात येत नाही. आणि आकडा नाही म्हणजे आमच्या गावात चोऱ्या होतच नाहीत, मग रात्रीची गस्त वाढवा म्हणून मागायचं तरी कशाच्या जोरावर.

शुक्रवारी आमच्या वर्गातल्या मित्राकडे गेलो, तो तालुका कोर्टात वकिली करतो. त्यानं सगळं ऐकलं आणि मलाच रागावला. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची (चोरी त्यात येते) खबर दिली की ती नोंदवायची, कुठल्याही ठाण्याच्या हद्दीतली असली तरी, आणि फिर्यादीला प्रत फुकट द्यायची. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलेलं. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यालाही डीवायएसपींची परवानगी लागते, "शोधा आणि या" असं कुठंही लिहिलेलं नाही. आणि ठाण्यानं नाहीच घेतली तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात एसपींना लेखी पोस्टानं पाठवता येतं, त्यानंतर कोर्ट. त्यानं दीड पानाचं पत्र तयार केलं, सोबत अर्जाची शिक्का असलेली झेरॉक्स आणि चलनाच्या फोटोची प्रिंट. रजिस्टर पोस्टाला गेलो, पावती जपून ठेवली. एक प्रत ठाण्यात दिली, तिचीही पोच घेतली.

सोमवारी २५ ला सकाळी ठाण्यातून फोन आला, या, गुन्हा दाखल करून घेऊ. पत्रामुळं की इलेक्शन संपल्यामुळं ते माहीत नाही. एका मॅडम हवालदारांनी माझा जबाब कॉम्प्युटरवर घेतला, दोन तास लागले, त्यांनी प्रत्येक गोष्ट विचारून घेतली, फुलपाखराचं स्टिकरसुद्धा लिहिलं. भारतीय न्याय संहिता कलम ३०३(२), अज्ञात चोरटे. प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या वाचून सही करा.

मी वाचली. एफआयआरच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना असतो, तक्रार देण्यास विलंब झाल्याचं कारण. त्यात लिहिलं होतं, "फिर्यादीने स्वतः आजूबाजूस शोध घेतल्याने." चौदा दिवस. म्हणजे कागदावर असं झालं की मी चौदा दिवस गाडी शोधत हिंडत होतो आणि ठाण्यात आलोच नाही. मी म्हणलं मॅडम हे बरोबर नाही, मी त्याच दिवशी दीड वाजता आलो होतो, हा शिक्का बघा. त्या म्हणाल्या "अहो दादा, सगळ्यांचं असंच लिहितात, त्यानं तुमचं काही बिघडत नाही." मी म्हणलं बिघडतं, उद्या चोर सापडला तर त्याचा वकील विचारणार चौदा दिवस काय करत होता. आवाज चढवला नाही, पण सहीचं पेन खाली ठेवलं. त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. पंधरा मिनिटं मी बाकावर बसून होतो, छातीत धडधड होत होती, वाटत होतं एवढं मिळतंय ते तरी घ्यावं. त्या परत आल्या, खुर्ची ओढली आणि रकाना बदलला, "दि. ११/११/२०२४ रोजी लेखी अर्ज दिला होता, सदर अर्जावरून आज रोजी." मी सही केली. मॅडम प्रत देताना म्हणाल्या "वाचून सही करणारी माणसं कमी येतात." पन्नासच्या वर गावं आहेत या ठाण्याला, आणि त्या दिवशी त्यांची सलग दुसरी ड्युटी होती, हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्यापाऱ्यांनी बाजार बंदची हाक दिली तेव्हा ठाण्यात मिटिंग बोलावली. शंभरेक लोक, अर्धे उभे. जो तो उठून नाक्याबद्दल बोलत होता, कुणी म्हणे बाजाराच्या दिवशी नाका नको, कुणी म्हणे खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन टाकतात. यातली दुसरी तक्रार रास्त होती. पण साहेबांनी शांतपणे विचारलं की चोऱ्या चोऱ्या म्हणताय तर या वर्षात बाजारातून गाडी चोरीचे गुन्हे किती दाखल आहेत माहीत आहे का, आणि स्वतःच सांगितलं, दोन. मिटिंगमध्ये एकदम आवाज झाला. मी उठून म्हणलं की इथं ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांनी हात वर करा, तर नऊ हात वर आले. मग विचारलं एफआयआरची प्रत कुणाकडे आहे. माझ्यासकट दोन हात. साहेब काही बोलले नाहीत, वहीत लिहून घेतलं. त्या मिटिंगमध्ये एवढंच कामाचं झालं असं मला वाटतं, बाकी गस्तीला पोरं द्या, शिट्ट्या देतो वगैरे ठरलं.

गस्तीचं मात्र सांगितलं पाहिजे. त्याच पावसाळ्यात आमच्या भागात रात्री ड्रोन फिरतात अशी मोठी भीती पसरलेली, लोक छतावर झोपत होते, तेव्हापासून पोरं तापलेलीच. एका रात्री साडेअकराला बायपासवर आमच्या गस्तीच्या पोरांनी एक जोडपं अडवलं. केसावर भांडी देणारे, पाठीला भांड्यांची पाटी, मोटारसायकल बंद पडलेली, कागद जवळ नाहीत. मी पोचलो तेव्हा वीसेक जण जमले होते, एकानं त्या माणसाची कॉलर धरलेली, बाई रडत होती. कुणीतरी मला बघून म्हणालं "याचीच गाडी गेलीय, याला विचारा हेच का ते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसतं "असंल" म्हणलो असतो तरी पहिला हात पडला असता. मला राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, मुलं पळवणारे समजून पाच जणांना गावानं ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षा मागायला गेलेले लोक, आणि त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे होते. आपल्या शेजारचे. मी मोठ्यानं म्हणलं की फुटेजमध्ये दोन पोरं आहेत वीस-बावीसची, हा माणूस पन्नाशीचा आहे, सोडा कॉलर, आणि सगळ्यांसमोर ११२ लावला. गाडी यायला वीस मिनिटं लागली, ती वीस मिनिटं मी त्या माणसाच्या पुढं उभा राहिलो आणि माझे पाय कापत होते. पोलिसांनी गाडीचा नंबर तपासला, गाडी त्याच्या मेहुण्याच्या नावावर निघाली. बाईनं जाताना पाटीतलं एक पातेलं माझ्या हातात द्यायला काढलं, मी घेतलं नाही.

जानेवारीत स्थानिक गुन्हे शाखेनं शेजारच्या जिल्ह्यात तीन पोरं पकडली आणि अकरा गाड्या मिळाल्या. तपासी अंमलदारांनी सांगितलं की चलनाचा फोटो आणि सोनाराचं फुटेज दोन्हीत एकाच पोराचा शर्ट आणि चालण्याची ढब जुळली, त्यावरून गाव सापडलं. सोनारशेठचा डीव्हीआर तोपर्यंत कधीच पुसला गेला होता, माझ्या पेन ड्राइव्हवर होतं म्हणून, आणि त्यासाठी शेठचं प्रमाणपत्र लागलं की हे माझ्याच कॅमेऱ्यातलं आहे. शेठनं दुकान बंद ठेवून येऊन ते दिलं.

ओळखायला बोलावलं. ठाण्याच्या मागं मुद्देमालाच्या गाड्या ठेवतात, कितीतरी वर्षांच्या, टायर बसलेले, घाणेरीची झुडपं इंजिनातून वर आलेली, एका रिक्षाच्या सीटवर कुत्रीनं पिल्लं घातलेली. माझी गाडी नवीन रांगेत होती. नंबर प्लेट दोन्ही नव्हत्या, मागची तर लॉकसकट उचकटलेली. टाकीवर काळा स्प्रे. चेसिस नंबरचे शेवटचे तीन आकडे कानशीनं घासलेले, पण इंजिन नंबर शाबूत होता. हवालदारांनी कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, एकेक आकडा उमटत गेला, मी आरसी हातात धरून वाचत होतो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मडगार्डकडे बघितलं. स्टिकर खरवडलेलं होतं पण एक पंख राहिला होता.

लगेच गाडी मिळत नाही, मुद्देमाल आहे, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय सोडत नाहीत. वकील मित्रानं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली सुपूर्तनाम्याचा, म्हणजे केस संपेपर्यंत गाडी ताब्यात मिळावी म्हणून, अर्ज टाकला, जुन्या कायद्यात ४५१ होतं ते. आरसी, आधार, एफआयआर, विमा. इथं एक अडचण आली, आरसीवर फायनान्सचं नाव अजून होतं, कर्ज फिटलं तरी आरटीओत जाऊन बोजा उतरवला नव्हता, म्हणून एनओसी जोडावी लागली, आठ दिवस त्यात गेले. कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मागवलं, त्यांनी हरकत नाही लिहिलं. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. ऑर्डर झाली चाळीस हजारांच्या बंधपत्रावर, अटी अशा की केस संपेपर्यंत विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावलं की कोर्टात हजर करायची. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गाडी टेम्पोत घालून घरी आणली, बॅटरी नव्हती, कार्बोरेटर काढलेला. मुलगी आधी मडगार्डकडे गेली. टाकीवरचा काळा स्प्रे तसाच आहे, काढायला परवानगी लागेल.

चलनाचं तेवढं राहिलं होतं. महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीत एफआयआर जोडून टाकलं, महिनाभरानं ते रद्द झालं. त्यांनी घटनेची तारीख आणि अर्जाची तारीख बघितली असणार, त्या रकान्यात चौदा दिवस मी फिरत होतो असं राहिलं असतं तर काय केलं असतं मला माहीत नाही. स्कूटीचं चलन मी भरलं आणि त्याच दिवशी दोन हेल्मेट घेतली.

आता तात्यांचं. त्या अकरा गाड्यांपैकी फक्त चारांना मालक सापडले होते, कारण चारांचेच गुन्हे कुठं ना कुठं दाखल होते. बाकीच्या सात, नंबर प्लेट नाहीत, घासलेले चेसिस, रांगेत उभ्या. माझी गाडी टेम्पोत चढवत असताना शेवटच्या गाडीला मागं दोन्ही बाजूला लोखंडी कड्या वेल्ड केलेल्या दिसल्या, दुधाचे कॅन अडकवायच्या. मी फोटो काढला नाही, तिथं काढू देत नाहीत, पण संध्याकाळी डेअरीवर जाऊन थांबलो. तात्या आले. मी कड्यांचं सांगितलं तर म्हणाले "डावी कडी वाकडी हाय का? म्हशीनं धडक दिल्ती." वाकडी होती.

दुसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन ठाण्यात गेलो. त्यांच्या अर्जाला पोच नव्हती, त्यांनी मागितलीच नव्हती. मॅडम ड्युटीवर होत्या, त्यांनी जुन्या फायली उपसल्या, अर्धा तास, आणि ऑगस्टमधला तो कागद सापडला, वहीतून फाडलेलं पान, खाली तात्यांचा अंगठा. जबाब टाईप झाला, प्रिंट आली. तात्यांना वाचता येत नाही. मॅडमनी इंकपॅड पुढं सरकवलं, तात्यांनी अंगठा उचलला आणि तसाच वर धरून माझ्याकडे कागद ढकलला, म्हणाले, "आधी त्यो उशिराचा रकाना वाचून दाव."